धुतलेल्या होडीतला रविवार

सन त्र्याऐंशी. मी एकोणीस वर्षांचा होतो, चौथी नापास होतो, आणि बदलापूर गावात माझ्यासारखं वल्हं मारणारा दुसरा कोणी नव्हता. पहिल्या दोन गोष्टी कागदावर सापडतील, तिसरीसाठी माझा शब्द पुरे. आमचं घर नदीला इतकं लागून होतं की पावसाळ्यात नदी मागच्या पडवीत येऊन बसायची, आणि आई तिला हाकलायची नाही, हळदकुंकू वाहायची. घरात बाबा, आई, अंबरनाथच्या कारखान्यात जाणारा माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणायचो, वहिनी आणि मी. सकाळी जाग यायची ती आईच्या तांदळाच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि त्याच्यामागं दुसरा आवाज, खाली बांधलेली होडी दगडावर घासल्याचा. नंतर चुलीवर सुकट परतल्याचा वास. हा वास आमच्या भिंतींना होता, गोधड्यांना होता, माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा होता. मास्तर मला शेवटच्या ओळीत बसवायचे ते काही उगाच नाही.

आमच्या घरची तर होती. म्हणजे होडीनं माणसं या काठावरून त्या काठावर सोडायचा धंदा. आजोबांपासून चालत आलेला. होडी सागाची, आजोबांच्या डोळ्यांदेखत बांधलेली. बाबांनी तिच्यातून नवऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, म्हशीची पारडी नेली, एकदा फौजदार नेला. आणि तरीवरच्या माणसाचा एक नियम होता, तो बाबांनी मला पोहण्याच्याही आधी शिकवला. उतरणाऱ्या माणसाला कधी विचारायचं नाही, परत कधी येणार म्हणून. माणसाचा परतायचा बेत नदीच्या कानावर घालायचा नाही. त्याला यायचं असेल तर तो आपल्या तोंडानं सांगेल. बाबांनी फौजदारालाही विचारलं नव्हतं. फौजदार पलीकडं रात्रभर अडकला आणि सकाळी शिव्या देत आला, पण नियम तो नियम.

मग वरच्या अंगाला पूल झाला. माणसं पुलावरून जायला लागली, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, मीही गेलोच असतो. होडी दगडाला बांधलेली राहायला लागली. तिच्यात पिंपळाची पानं साचायची, शेजारची कोंबडी जाऊन अंडी घालायची. दादा रोज संध्याकाळी कारखान्यातून आला की मला म्हणायचा, "काय नाखवा, आज किती कोंबड्या पार केल्या?" त्यानं माझ्यासाठी कारखान्यात शब्दही टाकून ठेवला होता. मी त्याला सांगितलं, छपराखाली दिवस काढायला मी काय आजारी आहे? आमच्यात आठवडाभर बोलणं नव्हतं.

खालच्या अंगाला, बंधाऱ्याच्या अलीकडं, बाळारामशेठचं रेतीचं काम होतं. त्याला होड्या लागायच्या. तो एक दिवस आला, आमच्या होडीच्या फळ्यांवर टिचकी मारून बघितली आणि बाबांकडं मागितली. रेती भरायची म्हणजे मधल्या बसायच्या फळ्या तोडायच्या आणि होडी एक मोठं घमेलं करून टाकायची. मी मध्ये पडलो. मी म्हणालो, बाबा, पलीकडं जायला माणूस नसेल, पण नुसतं फिरायला येईल. उल्हासनगरात, विठ्ठलवाडीत, चाळीत राहणारी किती माणसं आहेत, ज्यांनी वाहती नदी आतून बघितलेली नाही. त्यांना दिवसभर निवांत फिरवू, काठावर उतरवू, देऊळ दाखवू, जेवू घालू.

बाबा हसले. "फिरायला? कामाशिवाय होडीत कोण बसंल? येडा का खुळा?"

पण माझा हट्ट बाबांना माहीत होता, कारण तो त्यांचाच होता. शेवटी त्यांनी बाळारामशेठला माझ्यासमोर सांगितलं, "ह्या पोराला येत्या रविवारी एक फेरी करू दे. बसलेल्या माणसानं आपल्या तोंडानं पुन्हा यायचं म्हटलं, तर होडी माझी. नाय म्हटलं, तर सोमवारपासून तुझी. हा शब्द." मग माझ्याकडं वळून बोट दाखवलं. "आणि तू विचारायचं नाय. मी होडीतच बसणार हाय."

गिऱ्हाईक आपल्या पायानं चालत आलं. उल्हासनगरचे किशनशेठ, कापडाचं दुकान, शिरगावला जागा बघायला आलेले. जागा बघून नदीवर आले, होडी बघून थांबले. मी त्यांना नदीचं असं वर्णन करून सांगितलं की माझं मलाच जावंसं वाटलं. शेठ म्हणाले, "अम्मा को लाऊँगा. मेरी माँ. जब से इधर आए, नाव में बैठी नहीं. लेकिन भाऊ, अम्मा पूजा-पाठवाली है. सब साफ-सुथरा चाहिए, हां?" ते एवढं बोलतात तोच वहिनीचे बोंबील तव्यावर पडले, आणि शेठनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

झालं. रुमाल आईनं दारातून बघितला. आम्हाला शेठ म्हटला की ठाऊक होता तो बाजारातला मारवाडी नाहीतर गुजराथी, कांदासुद्धा लांबून बघणारा. आई म्हणाली, "काश्या, ही धरमाची माणसं. होडीला म्हावऱ्याचा वास राहिला तर म्हातारी पाय ठेवायची नाय."

पुढचे दिवस आमच्या घरात लग्नघाई होती. होडी काठावर ओढली. आईनं आणि वहिनीनं ती राखेनं घासली, मग शिकेकाईनं, मग लिंबाच्या सालींनी, आणि शेवटी पालथी घालून खालून उदाचा धूर दिला. जाळी शेजाऱ्याच्या माळ्यावर गेली. सुकटीची टोपली नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या ठकीच्या झोपडीत पोचवली. ही ठकी कातकरीण, आईची मैत्रीण, नदीत मासे धरण्यात आयुष्य गेलेली. आमचं मांजर होडीभोवती फेऱ्या मारून ओरडायचं, त्याला वाटलं असावं घरात कोणी गेलं. बाबा पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "होडीला न्हाऊ घातलंस, आता हळद लाव. नवरा कोण हाय ते तरी सांग."

रविवारी सकाळी थंडी होती, नदीवरून वाफ निघत होती. शेठ आले, शेठाणी आल्या, फ्रॉक घातलेल्या दोन मुली आल्या, एक टेपरेकॉर्डर आला, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या, चष्म्यातल्या, मुठीएवढ्या अम्मा आल्या. चढायच्या आधी अम्मांनी पदराची गाठ सोडली, तांदूळ आणि साखर काढली, पाण्यात वाहिली आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. बाबांनी ते बघितलं. आपली मागची जागा सोडून पुढं आले आणि अम्मांना हाताला धरून चढवलं. बाबा कोणासाठी जागा सोडत नसत.

होडी पाण्यात गेली आणि मला बोलण्याचा जोर चढला. मी म्हणालो, "शेठ, बिनघोर बसा. या होडीत माशाचा काटासुद्धा कधी चढला नाही. आमच्या घरात वास चालत नाही." मागून बाबांना ठसका लागला. शेठ "अच्छा?" म्हणाले आणि अम्मांकडं बघितलं. अम्मांनी पाण्याकडं बघितलं. मला वाटलं, काय छाप पडली.

आता ही नदी बघायची तर माझ्या नातवाला मी जलपर्णी बाजूला सारून दाखवतो, आणि काठावरच्या इमारतींतली माणसं गॅलरीतून आमच्याकडं बघतात. तेव्हा बंधाऱ्यामुळं वरचं पाणी तळ्यासारखं उभं असायचं, आणि वल्हं मारलं की त्यात चंदेरीचा सुळका मोडायचा आणि परत जुळायचा. मी मुद्दाम हळू नेत होतो. पहिलं उतरलो ते काठावरच्या महादेवाच्या देवळाशी. मुलींनी घंटा इतकी वाजवली की पुजारी बाहेर आला. तिथून पुढं मामाच्या वाडीत उतरवलं. मामानं वांगी, वाल, भेंडी लावली होती, मोटेची विहीर होती, शेठाणींनी वांग्याच्या रोपाला हात लावून बघितला, मुली विहिरीत डोकावून आपली नावं ओरडल्या. सगळं ठीक चाललं होतं, आणि काहीच चाललेलं नव्हतं. शेठ घड्याळ बघत होते. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले होते, त्यातली बाई हळूहळू बुवा व्हायला लागली होती. अम्मा तर सकाळपासून एक शब्द बोलल्या नव्हत्या.

जेवण आंब्याच्या सावलीत, केळीच्या पानांवर. आईनं जीव ओतला होता. वालाचं बिरडं, भेंडीची भाजी, भोपळ्याचे घारगे, तांदळाच्या भाकरी, वर ताक. शेठाणींनी आपले डबे उघडले, त्यात पालकाची भाजी, जाड रोट्या आणि पापड. सगळे "बढिया, बढिया" म्हणाले आणि कोणीच दुसऱ्यांदा मागितलं नाही. अम्मांनी भेंडी पानाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेली आणि तिथं ठेवली. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाळाराम उद्या कवा येतो म्हणालाय?" मी उठून ताक वाढायला लागलो. 

शेवटचा थांबा माझा हुकमी होता. वर एक डोह आहे, त्याच्या कडेला सपाट खडक, बसायला ओट्यासारखे. मी होडी खडकाला लावली, आणि बघतो तर खडकावर ठकी. गुडघाभर लुगडं खोचलेलं, कमरेला टोपली. मी डोळ्यांनी खुणा केल्या, हात हलवले, मान हलवली. ठकीला काय कळणार?

"अगं बाय बाय!" ठकी ओरडली. "होडी काय चकाचक! काश्या, कुनाचं लगीन रं? आन् तुझ्या आयशीला सांग, ती सुकटीची टोपली कवा न्यायची? माझ्या झोपडीत गावातली सगली मांजरं जमल्यात!"

शेठनी विचारलं, "क्या बोलती है?"

"काही नाही शेठ," मी म्हणालो. "वाट विचारती."

"नदी में?"

बाबा मागं तोंड फिरवून बसले. त्यांचे खांदे हलत होते. ठकी पाण्यात उतरून होडीजवळ आली, तिनं टोपली फळीवर ठेवली आणि पाला बाजूला केला. "घे. खवली हाय, आताची. तुझा बापूस आवडीनं खातो."

टोपलीतली खवली अजून शेपट्या मारत होती. माझ्या धुतलेल्या, उदाचा धूर दिलेल्या होडीत पाण्याचे शिंतोडे उडाले. मी अम्मांकडं बघायला घाबरलो. आणि मग दिवसभरात पहिल्यांदा अम्मांचा आवाज ऐकला.

"पुट," अम्मा मला म्हणाल्या. सिंधीत मुलाला असं म्हणतात. "ये मच्छी है?"

"हो अम्मा. म्हणजे, तिची आहे. आमची नाही."

"काँटेवाली?"

"फार काटे अम्मा. आम्ही तर..."

"दिखा!" अम्मा उठूनच उभ्या राहिल्या, होडी एका बाजूला कलली, शेठाणींनी किंकाळी मारली. अम्मांनी टोपलीत हात घातला, एक खवली कल्ल्याला धरून उचलली आणि तिचे डोळे तपासले, आई बाजारात तपासायची तसे. मग माझ्याकडं वळल्या. "सुबह से मैं सोचती हूँ, कैसे लोग हैं ये. पानी पर रहते हैं और भिंडी खाते हैं!"

शेठाणी शेठवर उखडल्या. "मैंने बोला था ना? तली हुई मच्छी का डब्बा घर पे रखवाया! बोले, गाँव के सीधे लोग हैं, बुरा मान जाएँगे."

शेठ म्हणाले, "अरे, इसने सुबह बोला तो सही, काँटा भी नहीं चढ़ा!"

"तुम्ही नाकाला रुमाल लावला होता!" मी म्हणालो.

"मेरे को सर्दी थी!"

आता बाबांना आवरेना. ते मोठ्यानं हसले, आणि त्यांचं बघून ठकी हसली, ठकीचं बघून मुली. बाबा उतरले, खडकावर तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या. ठकीच्या कोयत्यानं खवलं काढायला बसले, आणि अम्मा त्यांच्या समोर बसल्या, गुडघे दुखतात असं सकाळी शेठनी तीनदा सांगितलं होतं तरी. बाबा खवलं शेपटाकडून काढत होते. अम्मांनी त्यांच्या हातातून मासा घेतला. "ऐसे नहीं, ऐसे." बाबांनी परत घेतला. "अहो आजी, आमच्याकडं असंच." मीठ जेवणाच्या फडक्यात उरलं होतं, मिरचीचा ठेचा उरला होता, लिंबू होतं. जेवणातलं उरलेलं कोरं पान होतं, त्यात गुंडाळून खवली निखाऱ्यावर गेली. कांदा नाही म्हणून अम्मा हळहळल्या. त्यांच्या मते कांद्याशिवाय मासा म्हणजे अर्धा मासा.

पान जळायला लागल्याचा आणि त्यातून मासा शिजल्याचा वास तुम्हाला कागदावर देता येत नाही, नाहीतर मी हे प्रकरण इथंच संपवलं असतं. अम्मांनी खायला सुरुवात केली आणि सगळे बघत राहिले. त्या मासा तोंडात घालायच्या, गालात काहीतरी चालायचं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून काटा बाहेर यायचा, एकामागून एक, स्वच्छ. बाबांना वाटायचं काटे काढण्यात त्यांच्या तोडीचं कोणी नाही. ते अम्मांच्या समोर बसले आणि दोघांची जणू शर्यत लागली. अम्मा त्यांना त्यांच्या मुलखातल्या नदीचं सांगत होत्या, समुद्राएवढी नदी, तिच्यातला पल्ला नावाचा मासा, त्याचे इतके काटे की लहान मुलांना आजी भरवायची. अर्धं सिंधी, अर्धं हिंदी. बाबा आमच्या उल्हासचं सांगत होते, अस्सल गावच्या बोलीत. दोघांना एकमेकांचं काही कळत नव्हतं, आणि दोघं एकमेकांना "बरोबर, बरोबर" आणि "हा, हा" म्हणत होते. शेठ मला म्हणाले, "तीस साल में अम्मा मेरे से इतना नहीं बोली."

परतीच्या वाटेवर पण हेच. मी वल्हं मारत होतो आणि मला कोणी विचारत नव्हतं. ऊन कलंडलं होतं. मी मनात म्हणत होतो, आता बोला, कोणीतरी बोला. शेठाणी म्हणाल्या मजा आली. मुली म्हणाल्या पाय ओले झाले. "पुन्हा" हा शब्द कोणाच्या तोंडात येईना. काठाला लागलो, बाबांनी अम्मांना हात देऊन उतरवलं, शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली, "अच्छा भाऊ, चलते हैं," आणि सगळी रिक्षात बसली. माझं तोंड उघडलं. बाबांनी नुसतं बघितलं. मी मिटलं. त्या वेळी मिटलेलं तोंड ही माझी आयुष्यातली मोठी मेहनत, त्यानंतर इतकी वर्षं वल्हं मारलं त्यात एवढा घाम आला नाही.

रिक्षा सुरू झाली, वडाच्या पारापर्यंत गेली आणि थांबली. पांढरी बाही बाहेर आली. अम्मा मला नाही, बाबांना हाक मारत होत्या. "ओ बाबा! अगले इतवार मेरी बहन आएगी साथ में! वो काँटे से डरती है. उसके लिए बड़ी पकड़ के रखना! और प्याज मैं लाऊँगी, तुम्हारा भरोसा नहीं!"

रिक्षा गेली. मी उडी मारली. बाबा दोरी हातात धरून उभेच.

"काय म्हटली ती?"

मी सांगितलं.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"तुझं नाय धरत," बाबा म्हणाले. "तुझा हट्ट हाय, तू मला कायपण सांगशील." आणि ते खरंच पाराजवळच्या चहावाल्याकडं गेले, ज्यानं हे सगळं कान देऊन ऐकलं होतं. चहावाल्यानं किटली खाली ठेवली आणि साक्ष दिल्यासारखं सांगितलं, अगदी कांद्यासकट.

बाबांनी कांद्याचं ऐकलं तेव्हा मान हलवली. ते खोटं रचता आलं नसतं. घरी आले. पडवीत बसून पाय धुतले, मग म्हणाले, "शब्द मी दिलेला. पण नाय म्हणायला तू जायचं. उद्या सकाळी. आन् चालत नको जाऊस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडी सोडली आणि एकटा खालच्या अंगाला गेलो. बाळारामशेठ रेतीच्या ढिगावर उभा होता. होडी येताना दिसली तसा तो खूश झाला, त्यानं माणसांना हाका मारल्या, दोघं दोरी घेऊन पाण्यात उतरले. मी काठापासून चार हात अलीकडं वल्हं उलटं धरून होडी थांबवली आणि बसल्या जागेवरून सांगितलं, "शेठ, होडी दाखवायला आणली. द्यायला नाही." मग तिथंच पाण्यात एक पूर्ण वळण घेतलं, सावकाश, त्याला दोन्ही बाजू नीट दिसाव्यात म्हणून, आणि घराकडं निघालो.